साडेआठ लाखांची मर्सिडीज: घेताना स्वस्त, पण पुढे?

पत्र: दिंडोरीला माझी द्राक्षबाग आहे. नाशिकचा एक डीलर ऑगस्ट २०११ ची, दिल्ली पासिंगची मर्सिडीज एमएल ३५० सीडीआय साडेआठ लाखांना देतोय. मीटर ९२ हजार दाखवतो. एवढ्या पैशात नवी घ्यायची म्हटलं तर छोटी एसयूव्हीच येते. महिन्यातून तीन-चार वेळा मुंबईला जाणं होतं, बाकी रोजचं घर ते शेत. आई-वडील धरून घरात पाच माणसं. गाडीत बसलं की उतरावंसं वाटत नाही, पण मित्र म्हणतात हत्ती पोसायचा उद्योग करू नकोस. गाडी चालायला कशी आहे, काय बिघडतं आणि घेण्याआधी काय बघू? – एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर: मित्रांचं म्हणणं खोटं नाही, पण हा हत्ती किती खाईल ते तो कुठल्या अवस्थेत तुमच्या दारात येतो त्यावर ठरतं. नवी असताना ही गाडी अर्ध्या कोटीच्या घरातली होती. आज तिची किंमत उतरली असली तरी सुट्या भागांची उतरलेली नाही. म्हणून आधीच सांगतो: साडेआठ लाखांखेरीज वेगळे तीन लाख बाजूला ठेवता येत असतील, तरच पुढे वाचा. गाडीची खरी किंमत साडेअकरा लाख धरा.

चालायला ही गाडी आजही उत्तम आहे. मर्सिडीजने २००५ साली आणलेली ही दुसरी पिढी. गॅरेजवाले तिला डब्ल्यू१६४ म्हणून ओळखतात. आधीच्या एमएलची शिडीसारखी चासी जाऊन इथे मोनोकॉक बॉडी, म्हणजे चासी आणि बॉडी एकसंध अशी रचना आली, त्यामुळे ती ट्रकसारखी डोलत नाही. इंजिन २९८७ सीसीचं व्ही-६ डिझेल, ताकद वर्षानुसार २२४ किंवा २३१ अश्वशक्ती. पण खरी मजा टॉर्कमध्ये, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या जोरात आहे. ५१० न्यूटन मीटर, नंतरच्या इंजिनात ५४०, आणि तोही १६०० आरपीएमपासून. कसारा घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन चढताना इंजिन ओरडत नाही. पाय जरा दाबला की ट्रक मागे पडतो. शून्य ते शंभर साडेआठ सेकंदांच्या आसपास. दोन टनांहून जड गाडीला हे भरपूर झालं. समृद्धीवर १२० ला ती इतकी शांत असते की वेग काट्याकडे बघूनच कळतो. टाकी ९५ लिटरची आहे. ॲव्हरेज शहरात सात-आठ, हायवेवर दहा-अकरा धरून चाला. त्याहून जास्त सांगणारा डीलर बाकीच्या बाबतीतही उदार असेल.

शेताच्या रस्त्यासाठी फोर व्हील ड्राइव्ह कायम चालू असतो आणि चिखलात घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवली जाते. मात्र ऑफ-रोड पॅकेज नसेल तर लो-रेंज गिअर, म्हणजे अवघड जागी हळू पण जास्त जोराने चालवणारा गिअर नसतो. पावसाळ्यात काळ्या मातीत अडकायचं की नाही हे तसंही टायर ठरवतात, आणि या गाडीवर बहुधा हायवेचे टायर असतात. बागेपर्यंत मुरमाचा रस्ता असेल तर काही अडचण नाही. पाच माणसं आरामात बसतात, मागे ५५१ लिटरची डिकी आहे. सहावं माणूस मात्र बसत नाही. सात सीट हव्या असतील तर तिची थोरली बहीण जीएल बघावी लागेल, आणि तिच्या दुखण्यांची यादी हीच आहे.

आता दुखणी. या इंजिनाचं कंपनीतलं नाव ओएम६४२. मूळ धातूकाम दणकट आहे. तेल वेळेवर बदललं तर ते तीन लाख किलोमीटरही सहज काढतं. त्रास देतात ते त्याच्या अंगावर चिकटवलेले भाग, आणि त्यातला पहिला म्हणजे ऑइल कूलरचे सील.

व्ही आकाराच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगांच्या मध्ये एक खोबण असते. ऑइल कूलर त्या खोबणीत, टर्बोच्या खाली बसवलेला आहे. कूलर आणि ब्लॉक यांच्यामध्ये दोन रबरी सील असतात. वर टर्बोची धग, खाली इंजिनाची. दहा-बारा वर्षांत रबर कडक होऊन आकसतं आणि तेल झिरपू लागतं. आधी ते खोबणीत साचतं, मग मागच्या बाजूने वाहत जाऊन इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, बेल हाउसिंगच्या तळाशी, थेंब-थेंब गळतं. गाडी रॅम्पवर घेऊन खाली उभं राहिलं की नेमका तिथेच ओला, काळपट ओघळ दिसतो. तो बघून नवखा मेकॅनिक हमखास म्हणतो, क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवू. उतरवतो, सील बदलतो, बिल लावतो, आणि महिनाभरात थेंब पुन्हा हजर. म्हणून खालून ओघळ दिसला तर आधी वरून बघायचं: इंजिनावरचं प्लास्टिक कव्हर ओढून काढा (ते नुसतं रबरी खुंट्यांवर दाबून बसवलेलं असतं), टर्बोमागे खोबणीत बारीक टॉर्च मारा. तिथे तेलाचं तळं असेल तर दोषी कोण ते कळलं.

हे दोन सील स्वतः अगदी स्वस्त आहेत. पैसे जातात मजुरीत, कारण तिथे पोहोचायला टर्बो, दोन्ही इनटेक मॅनिफोल्ड, पाइप, वायरींचे जुडगे असं सगळं उतरवावं लागतं. माहितगार हातांनाही दोन दिवस लागतात. जुने सील नारिंगी रंगाचे असायचे. नंतर कंपनीने उष्णता जास्त सोसणाऱ्या रबराचे जांभळे दिले. जांभळेच टाका, आणि काम आधी झालंय असं डीलर म्हणत असेल तर त्याचं बिल मागा.

एवढं उघडलंच आहे तर त्याच खेपेत आणखी तीन कामं उरकून घ्यावीत, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेवढीच मजुरी. पहिलं, टर्बोच्या हवेच्या तोंडाशी असलेलं रबरी सील. इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ तिथून पाझरते आणि थेट खाली बसवलेल्या स्वर्ल मोटरवर ठिबकते. ही छोटी मोटर इनटेकमधल्या झडपा फिरवते. तेलात भिजून ती मेली की चेक इंजिन लागतो आणि इंजिन कमी ताकदीच्या मोडमध्ये जातं. दुसरं काम म्हणजे ही मोटर. काही ठिकाणी ती बदलण्याऐवजी कनेक्टरमध्ये एक रेझिस्टर घालून संगणकाला फसवतात. तशी जोडणी सापडली तर गाडी बाद करू नका, पण बाकी काय-काय असंच निभावून नेलंय ते शोधा. तिसरं, मॅनिफोल्डच्या आत साचलेली काजळी खरवडून काढणं आणि झडपांच्या दांड्या तुटलेल्या नाहीत ना ते बघणं.

इंजेक्टरचे वॉशर ही दुसरी ठरलेली जागा. प्रत्येक इंजेक्टरखाली तांब्याचा एक वॉशर असतो. तो नीट बसला नाही की जळालेला वायू बाजूने निसटतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा, चिवट थर जमतो. थंड इंजिन सुरू केल्यावर इंजिनाच्या ठोक्याच्या तालात बारीक ‘चफ-चफ’ ऐकू येतं, आणि एसी चालू असेल तर आत डिझेलच्या धुराचा वास येतो. कव्हर काढलेलंच आहे, तर सहाही इंजेक्टरच्या मुळाशी बघा. थोडा थर असेल तर वॉशर आणि बोल्ट बदलून काम होतं. हा बोल्ट एकदा ताणला की पुन्हा वापरायचा नसतो. थर जुना आणि दगडासारखा झाला असेल तर इंजेक्टर अडकून बसतो, आणि तो उपसून काढणं हे वेगळंच प्रकरण असतं.

यासाठी गाडी सकाळी, रात्रभर थंड झालेली असतानाच सुरू करून बघायची. डीलरला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागला तर त्या दिवशीची तपासणी रद्द करून दुसऱ्या दिवशी सकाळी या.

गिअरबॉक्स सात गिअरचा ऑटोमॅटिक, ७जी-ट्रॉनिक. चालवताना लक्ष ठेवायचं ते थांबत येताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर पडणाऱ्या गिअरकडे. हलकी जाणीव चालेल, मागून कुणी ढकलल्यासारखा झटका नको. कंपनी आधी म्हणायची तेल फारसं बदलावं लागत नाही. तुम्ही मात्र दर ६०,००० किलोमीटरला फिल्टर आणि पॅनच्या गॅस्केटसकट बदला. या पिढीला लाल रंगाचं, एमबी २३६.१४ मान्यतेचं तेल लागतं. नंतरच्या ७जी-ट्रॉनिक प्लसचं निळं तेल यात मिसळू नका. डिपस्टिक नसते. तेलाचं तापमान ४५ अंशांवर आलेलं स्कॅनरवर बघून, खालच्या ओव्हरफ्लो नळीतून पातळी लावायची असते. ‘अंदाजे सहा लिटर टाकलं, साहेब’ म्हणणाऱ्या गॅरेजात हे काम द्यायचं नाही. गिअर एकाच जागी अडकत असेल तर दोष बहुतेकदा आतल्या कंडक्टर प्लेटमधल्या (गिअरबॉक्समधली विजेच्या जोडण्यांची पट्टी) स्पीड सेन्सरचा असतो. तिथे एक पेच आहे: गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट याच प्लेटला जोडलेला असतो आणि तो गाडीच्या चोरीविरोधी यंत्रणेशी बांधलेला असतो. भंगारातून आणलेली प्लेट नुसती लावून चालत नाही, कोडिंग करावं लागतं. तुमच्या आसपास ते कोण करतं, हे गाडी घेण्याआधी माहीत हवं.

आता हवेचं सस्पेन्शन, एअरमॅटिक. प्रत्येक गाडीत ते असतंच असं नाही. चेसिस नंबरवरून गाडीचं डेटाकार्ड, म्हणजे कारखान्यातून काय-काय बसवून आलं त्याची यादी, काढून घ्या. त्यात ४८९ हा कोड असेल तर एअरमॅटिक आहे, ४७४ असेल तर डिझेलच्या काजळीचा फिल्टर आहे. एअरमॅटिक असेल तर चैन आहे, गाडी बटणावर वर-खाली होते आणि खड्डा पोटाला कळत नाही. पण स्प्रिंगच्या जागी असलेले हवेचे फुगे रबराचे आहेत आणि घडी पडते तिथे ते चिरतात. तपासायची पद्धत साधी: संध्याकाळी सपाट फरशीवर गाडी उभी करा, टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. सकाळी, गाडी सुरू न करता आणि दारही न उघडता, पुन्हा मोजा. एखादा कोपरा सेंटीमीटरहून जास्त बसला असेल तर तिथला फुगा किंवा त्याची नळी गळते आहे. नुसता फुगा गेला तर निभतं. गळती महिनोन्‌महिने अंगावर काढली की कॉम्प्रेसर सतत चालून जळतो, आणि तेव्हा बिल दुप्पट होतं. कुणी ‘हवा काढून साध्या स्प्रिंग टाकू’ असं सुचवलं तर नाही म्हणा. डॅशबोर्डवरचे दिवे विझवायचं काम मग जन्मभर पुरतं.

तुमच्या गाडीच्या बाबतीत मीटरपेक्षा मोठा प्रश्न दिल्लीचा आहे. दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. म्हणजे ही गाडी २०२१ पासून तिथे रस्त्यावर नकोशीच होती. मग ती इतकी वर्षं होती कुठे? साडेचौदा वर्षांत ९२ हजार हा आकडा कमी चाललेली गाडी दाखवतो की बराच काळ उभी राहिलेली, ते शोधायला हवं. उभ्या गाडीचे फुगे चिरतात, टायर तळाशी चपटे होतात, टाकीत पाणी साचतं. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो: २३१६ म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांहून जुने टायर कितीही खाचा दिसल्या तरी समृद्धीच्या उन्हात चालवू नका. आणि चारही टायर एकाच मापाचे, सारख्याच झिजेचे हवेत. दोन नवे, दोन जुने असं केलं की कायम जोडलेल्या फोर व्हील ड्राइव्हच्या ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) नाहक ताण येतो.

पाणी हा आणखी एक चोर. सनरूफच्या कडेला पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या धुळीने, पानांनी तुंबल्या की पाणी आत उतरतं आणि पायाखालच्या गालिच्याखाली जमतं. वरून कोरडं दिसतं. पुढच्या दोन्ही बाजूंची मॅटिंग उचलून खालचा फोम मुठीत दाबा. बॅटरी याच गाडीत पुढच्या सीटखाली आहे आणि वायरिंगचे बरेच जोड तिथूनच जातात. ओला फोम, कुबट वास, सीटच्या रुळांना गंज, यातलं काहीही सापडलं तर किंमत कमी करायच्या भानगडीत पडू नका, गाडी सोडा.

बाकीचं भरभर. पुढच्या लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट खडखडतात, ते झीज म्हणून धरायचं. पुढचे झेनॉन दिवे आजही छान आहेत. आतली कमांड स्क्रीन (डॅशबोर्डवरचा गाणी-नकाशाचा पडदा) तिच्या काळाची आहे, त्यावर फोनचा नकाशा येईल अशी अपेक्षा ठेवू नका. इंजिन ऑइल एमबी २२९.५१ मान्यतेचं, ५डब्ल्यू-३०, सुमारे साडेआठ लिटर लागतं. दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. कुलंट बाजारातला कुठलाही हिरवा घालू नका. डीलरने दुसरा पर्याय म्हणून पेट्रोलची एमएल ३५० दाखवली आणि ती २००५-०६ ची असेल तर नकोच म्हणा. त्या सुरुवातीच्या पेट्रोल इंजिनात बॅलन्स शाफ्टचा गिअर झिजतो आणि तो बदलायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं.

तपासणीला स्वतःचा मेकॅनिक न्या आणि स्कॅनिंग मर्सिडीजच्या प्रणालीवरच करा. बाजारातला स्वस्त ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) इंजिनापुरतंच बोलतो, एअरमॅटिक आणि गिअरबॉक्सबद्दल गप्प बसतो. त्या स्वस्त रीडरचा एक उपयोग मात्र आहे: ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ तो दाखवतो. तिथे १२ किलोमीटर दिसलं तर तुमच्या येण्याआधी कुणीतरी दिवे विझवले आहेत.

कागदपत्रांत तीन गोष्टी. दिल्ली आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) नाशिक आरटीओच्या नावाने निघालेली हवी. महाराष्ट्रात कर भरताना मूळ इनव्हॉइसची किंमत धरतात, म्हणून तो आकडा आणि भरायची रक्कम आधीच आरटीओत विचारून घ्या. एजंटच्या तोंडी अंदाजावर जाऊ नका. शिवाय ऑगस्ट २०२६ ला गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतात. म्हणजे फिटनेस, नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर दारातच उभे आहेत. १ एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे, पण आयात केलेल्या मोटारीची ४०,०००. आरसीवर गाडी आयात केलेली म्हणून नोंदलेली आहे का ते वाचा. एका शब्दात पस्तीस हजारांचा फरक आहे. विम्याचंही गणित लक्षात ठेवा: गाडीची विमा किंमत कमी आणि भाग महाग, त्यामुळे मध्यम अपघातातही दुरुस्ती विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर जाते आणि कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते.

तर घ्यायची का? सकाळची थंड सुरुवात स्वच्छ, सकाळच्या मापात एकही कोपरा बसलेला नाही आणि फोम कोरडा, असं असेल तर घ्या. बेल हाउसिंगला तेलाचा ओघळ असला तरी चालेल, तेवढी मजुरी आणि तीन जोडकामं धरून किंमत खाली आणा. यात एअरमॅटिकची गळती आणि गिअरचा झटका दोन्ही असतील तर साडेसहा लाखांनाही महाग आहे. घर आणि शेत एवढंच अंतर रोजचं असेल आणि मुंबईची फेरी महिन्यातून एकदाच, तरीही नको. हे इंजिन चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत कधी नीट तापतच नाही; काजळी साचते, आणि फिल्टर असेल तर तो तुंबतो. तुमच्या तीन-चार फेऱ्या होतात, तेवढं हायवे तिला पुरेसं आहे.

टोकन देताना पावतीवर डीलरच्या सहीने दोन ओळी लिहून घ्या: एनओसी नाशिकच्या नावाने मिळाली नाही किंवा स्कॅनमध्ये गिअरबॉक्सचा दोष निघाला, तर टोकन पूर्ण परत. लिहायला काचकूच केली तर टोकन खिशातच ठेवा.